स्टँड-इन

बाबा, हलू नका थोडा वेळ.
नटीची जीप अजून नागभीडलाच आहे
आणि उजेड बसवायला मला एक चेहरा हवा.
याला स्टँड-इन म्हणतात:
जो पडद्यावर कधीच येत नाही,
पण सगळं आधी त्याच्या गालावर ठरतं.

बाबा तणसाच्या पेंढीवर बसले, हात गुडघ्यांवर,
रेशनकार्डाचा फोटो काढायला बसावं तसे.
चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या मंडपांत
ते उजेडाच्या मागं उभे राहिले.
लोणच्याच्या दोन बरण्या, मिठाचं पाणी, तांब्याच्या पट्ट्या.
पट्टी बुडाली की राजाचा दरबार उजळायचा,
हळूहळू वर घेतली
की राणी भर मंडपात विधवा व्हायची.
पुण्यात मला शिकवलं, त्याला डिमर म्हणतात.
बाबा म्हणायचे, बरणी.

मी की लाईट डावीकडून लावला, उंच, तिरका.
नाकाची सावली गालावर उतरली, तिकोनी, हवी तशी.
"कोनं लावला हा उजेड?"
मी लावला, बाबा.
"तू नाही. या घरात कोनं लावला? पयले थे सांग."

सीनमध्ये चिमणी होती. उजवीकडं, फळीवर.
मी काही न बोलता स्टँड उचलला आणि उजवीकडं आणला.
बत्तीसशे केल्विनचा दिवासुद्धा
चिमणीशेजारी पांढराफटक, आजारी दिसतो,
म्हणून त्यावर नारिंगी जिलेटिन चढवलं.

फिल लाईटच्या भाड्याचे पैसे जेवणात गेले होते.
मग आईचं धुतलेलं पातळ बांबूवर ताणून
उजेडाची धार मोडली,
आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल असा धरला
की गेलेला उजेड उसना परत यावा
दुसऱ्या गालावर.
मागून एक बारका दिवा, केसांच्या कडेला,
माणूस कुडाच्या भिंतीपासून सुटावा म्हणून.
"मागचा कमी कर," बाबा म्हणाले,
"बाई घरात बसली हाये, सर्गात नाही."

मीटर गालाशी धरला. दोन पॉइंट आठ.
उजळ बाजू काळोख्या बाजूच्या चौपट.
बरोबर.

मग मॉनिटरवर डोळे मोठे करून पाहिले.
डोळ्यात एक ठिपका लागतो उजेडाचा,
तो नसला
तर बोलता माणूसही हार घातलेल्या फोटोतला वाटतो.
उजव्यात होता, धानाच्या कणीएवढा.
डाव्यात नाही.
दिवा खाली घेतला. वर घेतला. थर्माकोल तिरपा केला.
बुबुळावर दुधाची साय होती
आणि ठिपका तिच्यात जाऊन विरत होता.

कधीपासून, बाबा?
"दोन सीझन."
मग बरण्या कशा चालवल्या?
"पानी गुनगुनते ना. करंट वाढला का आवाज वाढते.
आन डायलॉग तं पाठच हायेत."

बाहेर कोणीतरी जनरेटरच्या डिझेलसाठी ओरडत होतं.
मी कॅमेऱ्यामागं, म्हणजे अंधारात,
त्यांच्या नेहमीच्या जागी.
मीटर हातात तसाच,
पण मोजायचं काय ते सुचेना.

जीपचा हॉर्न वाजला. बाबा उठले, लुंगीवरचं तणस झटकलं.
सारवलेल्या भुईवर, जिथं त्यांचे पाय होते,
मी खडूनं दोन खुणा केल्या.
पुढच्या महिन्यात चंद्रपूर, डोळ्यांचा दवाखाना,
असं काहीतरी मी बोलत होते.

"त्या पोरीचं नाक लहान हाये,"
दारातून वाकून जाता जाता ते म्हणाले,
"दिवा दोन बोटं खाली घेजो."