एक पातं कमी

पट्टणकुडे वकिलांनी मालवणातनं शिडाची होडी आणली
तेव्हा हिडकलचं निम्मं गाव काठावर हसायला जमलं.
आंबोलीच्या घाटात ट्रॉली पंक्चर,
शिडाची काठी उसासारखी मागं लोंबलेली.
"वारं कुठाय वकीलसाहेब?"
"नसलं तर इंजिन आहे की," म्हणाले.
म्हणून मला बोलावणं. उद्यमबागेतला लेथ बंद केला,
पान्यांची पिशवी घेतली, संकेश्वरच्या लाल बसमध्ये बसलो.

इंजिन लहान, एका सिलिंडरचं.
नटांच्या कडांना अजून समुद्राचं मीठ.
आत मालवणच्या मिस्त्रीनं बसवलेली जस्ताची कांडी,
खाऱ्या पाण्यानं लोखंड सोडून तिला खावं म्हणून.
अर्धी खाल्लेली.
"आता इथं गोडं पाणी," मी इंजिनाला म्हणालो, उगीच,
नव्या बैलाला गोठा दाखवावा तसं.

भरमूला तीनदा समजावलं:
याला रेडिएटर नाही, पंखा नाही. बाहेरचं पाणीच याचं पाणी.
बुडाला भोक, भोकाला कॉक, पुढं जाळीचा डबा,
मग पंप, पंपात रबराचं सहा पात्यांचं फूल.
फूल पाणी ढकलतं, पाणी इंजिनाच्या अंगातनं हिंडतं
आणि तापून, धुराबरोबर,
मागच्या नळीतनं पिचकारीसारखं पडतं.
पडतंय तोवर ठीक.
कोरडा धूर आला तर हात आधी इंजिन बंद करायला,
प्रश्न मागनं.
निघताना कॉक बंद, आणि चावी कॉकच्याच दांडीला अडकव.
विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये.
बझर आहे, पण फौंड्रीनं माझे कान कधीच नेलेत.
मी नळीखाली तळहात धरतो.

जाळीत रोज काहीतरी: जलपर्णीची मुळं, गुटख्याची पुडी,
एकदा नखाएवढा झिंगा, जिवंत.
मी डबा काठावरच्या दगडावर आपटणार
इतक्यात वकिलांची आई, आक्काताई, ओरडली.
त्यांच्या घरात पाणी दोनदा गाळून पितात,
आणि फडक्यावर जे राहतं ते
बादलीनं हळूच परत विहिरीत सोडतात.
"आपटू नको. पाण्यातच उलटी कर."
केली. झिंगा गेला.
तेव्हापास्नं मी चिखलसुद्धा पाण्यातच झाडतो.

मग उन्हाळा. पाणी मागं सरलं, तळ वर आला,
आणि मधोमध इंजिन तापलं.
बसाप्पा जाळं टाकूलालता, तिथनंच ओरडला,
"नीर बरतैतेन?"
"येईना गा!"
दोरी टाकली त्यानं, ओढत काठाला आणलं.
पंप उघडला. पाच पाती.
वकील म्हणाले, नवं फूल आहे ना, बसव आणि संपव.
मी म्हटलं, साहेब, सहावं कुठंतरी गेलंय.
नवं बसवलं तरी ते तिथंच असणार,
पाण्याच्या वाटेत पाय पसरून.

पहिली नळी. नाही.
दुसरी नळी, क्लिप गंजलेली, अंगठा सोलला. नाही.
उलटं पाणी मारलं, वाळू आली, शिंपलीचा तुकडा आला.
आक्काताई बांधावर बसलेली,
मांडीवर जेवणाचा डबा. बुडायच्या आत जेवायचं असतं त्यांना.
मी दोनदा सांगितलं, जेवून घ्या.
ती ऊन नाही, माझे हात बघत होती.

शेवटच्या कोपऱ्यात, जिथं पाणी इंजिनात शिरतं,
तारेला लागलं. चिंचोक्याएवढं, काळं.
पाचांच्या शेजारी ठेवलं. तुटलेली कड बरोब्बर जुळली.
तोवर सूर्य गेलेला. डबा तसाच.
तिनं ते तळहातावर घेतलं.
"यात जीव नव्हता ना?"
"नव्हता."
"मग एवढा वेळ?"

मी काय सांगणार.
नव्या फुलाला साबणाचं पाणी लावलं,
पाती एका बाजूला मुडपून आत सरकवली,
कॉक उघडला, दांडीवरची चावी काढली.
भरमूनं बॅटरी धरली.
दोन ठोके कोरडे.
तिसऱ्याला तळहातावर पाणी.
कोमट.
आक्काताईनं पण हात पुढं केला.