वायरीचं दुसरं टोक

चाळीस सालच्या जानेवारीत
आजोबांनी लढाईतून दोन फोन आणले.
पदक नाही, संगीन नाही.
लाकडी पेट्यांतले, चामडी पट्ट्याचे
रशियन फौजेचे दोन फोन.

पहिला सापडला रस्त्याच्या वळणावर.
उणे अडतीस. रिसीव्हर कानाला धरून
बसलेला पोरगा.
कान आणि रिसीव्हर वेगळे करायला
स्टोव्हची ऊब लागली,
एवढंच ते एकदा बोलले, सॉनात, पाठ फिरवून.
आणि दुसरा? आजीने विचारलं.
"वायर गुंडाळत गेलो. चांगली वायर,
कोण टाकून देतं?
तीनशे पावलं.
टोकाला दुसरा होता."

मग ती वायर स्वयंपाकघरापासून
ओढ्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत गेली.
पुरली बरोबर.

झाकणाच्या आत पेन्सिलीने दोन शब्द होते.
शाळामास्तरांनी चष्मा पुसून वाचले:
रियाबिना. बेर्योझा.
टोपणनावं असतील, म्हणाले.
झाडं आहेत, आपल्याकडचीच.
तेव्हापासून स्वयंपाकघर रियाबिना, गोठा बेर्योझा.
आधी थट्टा, मग सवय,
मग मला वाटायचं, आपल्या भाषेत
गोठ्याला बेर्योझाच म्हणतात.
शाळेत हसं झालं त्यापायी.

हिल्या आजी दांडा फिरवायची:
"बेर्योझा, वासरू आलं का?"
"रियाबिना, पाय दिसतायत. गरम पाणी धाड."
तावेत्ती आजोबा मात्र उचलला की
लगेच बोलत नसत.
दोन श्वास थांबत,
पलीकडून कुणी आधी बोलतंय का बघत.

परवा हेलसिंकीहून संग्राहक आले,
पातळ हातमोजे घालून.
पेटी उलटी केली, शिक्का पाहिला,
जोडी म्हणून भाव बरा दिला.
"आत कुणाचं नाव असतं,
तर दुप्पट दिले असते."
नाव नव्हतंच.
गायी जाऊन एकोणीस वर्षं झाली,
आणि छपराला पैसे हवे होते.

"वायर?"
"राहू दे. वायर कुणी घेत नाही."

त्यांची गाडी गेल्यावर
दाराजवळचं टोक सोडवलं,
कोपरावर वेढे घ्यायला लागलो.
वायर गुंडाळताना चालावंच लागतं,
एका जागी उभं राहून होत नाही.
बर्फ गुडघाभर.
ओढ्याच्या अलीकडे एक जोड लागला हाताला,
काळ्या फडक्याची पट्टी, वर दोऱ्याची गाठ,
आमच्या घरातली गाठ अशी नसते.
ती तशीच वेढ्यात घेतली.
गोठा अजून लांब होता.