घूं

टीव्हीच्या पाठीला आवाजाचं एकच भोक, पांढरं.
स्टिरिओला दोन : लाल आणि पांढरं.
ही सोयरीक जमायची कशी, म्हणून
मेनरोडला हेमाड्यांच्या दुकानात गेले.
त्यांनी काउंटरखालच्या बिस्किटाच्या डब्यातून
एका शेपटाची, दोन तोंडांची वायर काढली,
शर्टाला पुसली.
चाळीस द्या, शेवटची आहे.

सिडकोतल्या आमच्या खोलीत
बाबा पलंगावर, रिमोट छातीशी.
आवाज त्रेसष्टवर नेला तरी
बातम्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत,
खालच्या सोनजेकाकूंपर्यंत मात्र पोचतात.

मी टीव्हीमागे पालथी. धूळ,
पालीच्या अंड्याचं टरफल,
दोन हजार नऊची लाइटबिलाची पावती.
खोचलं.
दोन्ही स्पीकरमधून एकदम : घूं.
बातम्या होत्या, पण घूंच्या मागे,
पत्र्याआडून कुणी बोलावं तशा.

फोनवर हेमाडे म्हणाले, अर्थिंगचा घोळ.
दोन्ही पिना एकाच बोर्डात लावा, जाईल.

बोर्ड शोधायला उठले
तर बाबा ताठ बसलेले,
तळवा स्पीकरच्या जाळीवर.
"सातपूर," म्हणाले. "चार नंबरचा प्रेस.
बेल्ट सैल झालाय.
कुणी बघत कसं नाही?"

बोर्ड कपाटावरच होता.
पिन हातात घेऊन उभी राहिले.
हवामान चालू होतं, नाशिक, किमान अकरा.
बाबांचं बोट जाळीवर ठेका मोजत होतं.

म्हटलं, भोंगा होऊ दे.
मग काढू.