अनुक्रमणिका

सोहारच्या प्लांटवर समुद्रातलं मीठ काढून टाकतात.
मी तिथली कागदपत्रं बघतो.
मस्कतहून निरोप आला: पेवेकर निवृत्त होतायत,
त्यांच्या नोंदी वर्डमध्ये हव्यात,
लेटरहेडसकट, गुरुवारपर्यंत.

अकरा वर्षांच्या नोंदी. नुसत्या टेक्स्ट फाईली,
दर पाळीला एक. ना ठळक, ना तिरपं.
पंप, दाब, क्षार, आणि पाळी संपली की
खाली पाच-सहा डॅश,
दुकानदार वहीत मारतो तशी रेघ.

हाताने करायचं तर ईद उजाडली असती.
चाळीस ओळींचा कोड लिहिला:
फाईल उघड, खुणा वाच,
चांदणी दिसली की यादी कर,
जोड, पुढची उघड.
रात्री दोनला चालवला.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
साडेतीन हजार फाईली सहा मिनिटांत एक झाल्या.

अनुक्रमणिका बघून कपाळावर हात मारला.
कोडच्या लेखी, खाली डॅश म्हणजे वरची ओळ मथळा.
पेवेकरांच्या प्रत्येक पाळीची शेवटची ओळ
मोठ्या निळ्या अक्षरांत वर जाऊन बसलेली:

इनटेकला जेलीफिश. जाळी तीनदा धुतली.
नसीमाचा फोन लागला नाही.
तीन नंबरचा पंप रडतो, कुणी ऐकत नाही.
दाभोळला आज पापलेट काय भाव असेल.
सगळं ठीक.
सगळं ठीक.
मुलगी पास. सेक्शनमध्ये खजूर वाटले.
सगळं ठीक.
अब्बा गेले. विमान शुक्रवारी आहे. आज पाळी केली.
सगळं ठीक.

दुरुस्ती किरकोळ होती:
डॅशच्या आधी एक रिकामी ओळ सोडायची.
सोडली. मस्कतला गेली ती प्रत स्वच्छ,
पंप, दाब, क्षार.

चुकलेली पेवेकरांना दाखवली.
चष्मा शर्टाला पुसून
ते स्क्रीनवर बोट ठेवून वाचत राहिले, बराच वेळ.
"ही कोणी काढलीन?"
म्हटलं, तुमच्याच रेघांनी.
"असं. मग पानांचे आकडे कुठायत?"

आकडे कोडला ठाऊक नसतात,
ते वर्डला विचारावे लागतात.
मी कळ दाबली, उजवीकडे आकडे भरत गेले.
त्यांनी अब्बांचं पान शोधलं, नऊशे बारा,
आणि खिशातल्या पेट्रोलच्या पावतीमागे
लिहून घेतलं.