कमानीवरचं नाव

मिरजेत नर्सिंग शिकलेली आमची शर्वरी
रात्रपाळी संपली की बेलफास्टहून फोन लावते.
"आण्णा, इथं दोन्हीकडचं एक करायचं म्हणतायत.
म्हणजे काहीजण. बाकीचे विषय बदलतात."
मी विचारतो, थकबाकी कुणाच्या नावावर चढणार?
ती हसते.
मी ग्रामसेवक होतो, मला हसू येत नाही.

आमचं बुद्रुक, आमचं खुर्द.
मधला ओढा येरळेला मिळेपर्यंत कोरडाच.
अठ्ठ्याहत्तरला पंचायती फुटल्या.
का, तर अलीकडं एक कारण सांगतात, पलीकडं दुसरं,
आणि दोन्ही खरी आहेत.

यंदा एकीचा ठराव आला. मी वही काढली.
खुर्दच्या नळयोजनेचं वीजबिल, चौदा लाख.
शिपाई तीन, खुर्ची एक.
नवा शिक्का, साडेतीनशे.
कमानीवरचं नाव
इथं पेन अडलं.

ग्रामसभेत खुर्दचा धोंडिराम लाड उठला.
"पैशाचं राहू द्या. आमच्या म्हाताऱ्यांनी सोसलं,
ते जमेत धरणार का खर्चात?"
माइक नुसता खरखरला.
सरपंच म्हणाले, हात वर करा.
मी म्हणालो, चिठ्ठ्या टाका.
वर गेलेला हात दिसतो,
आणि उद्या दळण त्याच गिरणीत न्यायचंय.

"मग?" शर्वरी विचारते.
तहकूब.
कोरम होता, चिठ्ठ्यांना कागदही होता.

तिच्या मागच्या खिडकीत
एका घराची अख्खी भिंत रंगवलेली,
झेंडा कुठला ते मला ओळखता येत नाही.
"तुझ्या वॉर्डात काय म्हणतात गं?"
"वॉर्डात? पाणी मागतात, आण्णा."
मग म्हणते, जेवलात का.