शेवटचा स काढून

रात्रपाळीला सबस्टेशनात मी एकटाच,
आणि कारंज्याच्या रद्दीवाल्याकडून
वीस रुपयांत आणलेलं स्पॅनिशचं पुस्तक.
काहून, ते विचारू नका.
पहिली अकरा पानं फाटलेली,
त्यामुळे त्या भाषेतला नमस्कार मला येत नाही.
मी सुरुवातच हुकुमापासून केली.

सोपं आहे. आब्लास, तू बोलतोस.
शेवटचा स काढ : आब्ला. बोल.
कोमेस, तू खातोस. कोमे, खा.
एस्क्रिबेस. एस्क्रिबे. लिही.
एवढा एक फ्यूज उपसला
की साध्या वाक्याचा हुकूम होतो.

वडीलधाऱ्यांसाठी मात्र साटंलोटं :
आ-वाल्यांची लेक ए-च्या घरी,
ए-वाल्यांची, ई-वाल्यांचीही, आ-च्या.
आब्ले, बोला. कोमा, जेवा.

अडीचला फोन येतो : धामणी फिडर बंद कर.
करतो. वहीत वेळ लिहितो.
'चालू कर' मात्र दोनदा म्हणवून घेतो,
खांबावर रूपराव असतो.

आपल्या वऱ्हाडीत एक मऊ हुकूम आहे,
तो या पुस्तकात मला कुठं सापडला नाही :
जेवजो. येजो. कवाड लावून घेजो.
आत्ताच नाही, मी गेल्यावर, सवडीनं.
बाबा गावाला निघताना असं बोलत.
बाकी वेळ नुसता धातू.
ऊठ. धर. हाण.

गेल्या पोळ्याला त्यांचं उजवं अंग गेलं, वाचाही.
अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
लहान लहान शब्द बोलत जा त्यांच्याशी.

आब्लाच्या आधी एक एच असतो, मुका.
लिहायचा, उच्चारायचा नाही.
आणि पान चाळीसवर तळाशी बारीक टीप :
आब्ला म्हणजे 'बोल',
आब्ला म्हणजेच 'तो बोलतो'.
संदर्भावरून ओळखावे.

सकाळी ड्युटी सुटल्यावर
बाजेजवळ मोडा ओढून त्यांना चहा पाजत होतो.
कोणी ऐकत नाही बघून म्हणालो,
आब्ला.
हुकूम केला की खोटं बोललो, मलाच ठाऊक नाही.
खरं तर आब्ले म्हणायला हवं होतं, बापाला.

त्यांनी बराच वेळ बशीकडं पाहिलं.
मग डाव्या ओठातून, पोळ्यानंतर पहिल्यांदा :
"बस."

मी तर बसलेलोच होतो.
आणि बशीत अजून दोन घोट होते.