क्षचं चिन्ह दिलेलं नाही

रुवीत, शुक्रवारी, असरची अजान होऊन गेल्यावर
रुमाना मुकादम चार जिने चढून वर येते,
वहीच्या मधोमध आधीच रेघ मारून.
डावीकडे क्षचा वर्ग. उजवीकडे नुसता क्ष.
मोठं कोण?

‘डावं,’ ती म्हणते. तीन धरला, नऊ आले.
दहा धरला, शंभर.
‘अजून किती धरू, टीचर?’

मी पाकिटातून अर्ध्या रियालची नोट काढते.
ह्याचा वर्ग कर.
ती नोटेकडे बघते,
आकडेमोड करते, खोडते, पुन्हा करते.
पाव.
वाढवायला गेलं आणि घटलं,
हे तिला मुळीच आवडलेलं नाही.
एक धरला तर दोन्हीकडे एक.
शून्य धरला तर दोन्हीकडे महिनाअखेर.

‘मग दोन्ही बाजूंना क्षने भागून टाकू ना, कटकटच नको.’
थांब.
जो शून्य असू शकतो त्याने भागायचं नाही.
जो उणे असू शकतो त्यानेही नाही,
तो मधलं चिन्हच फिरवतो,
थोरल्याचं धाकटं करतो आणि आपल्याला पत्ता नसतो.
मिळवायचं तर मिळव, वजा कर, दोन्हीकडे सारखं;
तेवढ्याला तो काही म्हणत नाही.

चौथा पर्याय तिने आजवर कधी निवडलेला नाही:
दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.
‘हे काय उत्तर झालं? ही तर पळवाट.’
पळवाट नाही गं. ह्याला दोन साक्षी लागतात,
एकमेकींशी न पटणाऱ्या.

ए.सी.चं पाणी तुपाच्या डब्यात ठिबकतं.
ती पान उलटते, नवी रेघ मारते.
डावीकडे: मी.
उजवीकडे: सनोबर.
दिलेलं: एकाच पहाटे, दाभोळला, अकरा मिनिटांच्या फरकाने.
दिलेलं: अब्बांच्या पगारात फी एकीचीच बसत होती.
दिलेलं: चिठ्ठी टाकली होती.

वर्षभर शिकवतेय हिला,
आणि मी समजत होते, एकुलती एक.
मार्करचं टोपण काढते, लावते, काढते.

‘तुम्ही नका सांगू,’ रुमाना म्हणते. ‘तिलाच विचारू.’
फोन स्पीकरवर.
तिकडे कोंबड्या, कुणीतरी घासत असलेलं पातेलं,
खाडीतल्या फेरीबोटीचा भोंगा.
पण ती पान मागे घेते आणि पहिलंच गणित वाचते,
क्षचं:
‘डावीकडे वर्ग, उजवीकडे नुसता...’

‘उणे धरून बघितलंस?’
वाक्य पुरं व्हायच्या आत सनोबर.

उणे मी नुसतं बोलले होते.
धरून कुणीच पाहिलं नव्हतं, इतका वेळ.
रुमाना वजाचं चिन्ह काढते
आणि त्याच्यापुढे किती लिहावं म्हणून
पेन तसंच धरून
ऐकत राहते.